पुरावा आमच्याकडंच का? खात्यानं आधी आपला दाखला दाखवावा



पाच वर्षं झाली, दाव्याच्या फायली घेऊन आपण फिरतोय. १३ डिसेंबर २००५ च्या आधी जमीन कसत होता याचा पुरावा द्या. जातीचा दाखला द्या. म्हाताऱ्या माणसाचा जबाब द्या. आपल्या शेजारच्या बिगर-आदिवासी कुळाला तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतात. आपण सगळं देतो. कुणाच्या आज्याला फॉरेस्टनं केलेल्या दंडाची पावती पत्र्याच्या पेटीतून निघते, वाळवीनं अर्धी खाल्लेली, तीही देतो. तरी तालुक्याहून एका ओळीचा कागद येतो : "पुरावा अपुरा, दावा अमान्य." कुणी ठरवलं, कुठल्या कलमानं ठरवलं, त्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

आता एक उलटा सवाल करायची वेळ आली आहे. आमच्याकडं पुरावा मागणाऱ्या खात्याकडं स्वतःचा पुरावा आहे का? बीट गार्ड शेतात येऊन म्हणतो, "वरनं आदेश हाय." वर म्हणजे कुठं? कुणाचा आदेश? कुठल्या कायद्याखाली? लेखी हाय का? हे सवाल विचारणं म्हणजे साहेबाचा अपमान नाही. आपल्या देशात सरकारी खातं हे कायद्यातून जन्माला येतं आणि कायद्यानं दिलं तेवढंच त्याच्या हातात असतं. त्याच्यापुढं एक वीतही नाही. हे आपण नीट समजून घेतलं नाही तर कायदा आपल्या बाजूचा असूनही मार आपल्यालाच बसेल.

खात्याचा जन्मदाखला

खातं म्हणजे डोंगर नव्हे की नदी नव्हे, की आपोआप झालं. ते कुणीतरी कधीतरी कागदावर लिहून तयार केलं. वनखातं इंग्रजांनी १८६४ साली उभं केलं, रेल्वेच्या स्लीपरला आणि जहाजाला लाकूड पाहिजे होतं म्हणून. त्या वेळी 'इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स' हे पद काढलं, तेच पद आजही दिल्लीत आहे. आपल्या पाड्याच्या वेशीवरचा वाघदेव त्याच्या आधीचा आहे.

सरकारी संस्था जन्माला येते ती तीन प्रकारे. हे तीन प्रकार पोरासोरांना पण पाठ असायला पाहिजेत.

पहिला प्रकार, संविधानानं जन्माला घातलेल्या. निवडणूक आयोग, महालेखापाल, आणि आपला राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग. आयोगाचं कलम ३३८ क. या संस्था मंत्र्याच्या मर्जीनं बंद होत नाहीत, त्यासाठी संविधानच बदलावं लागतं.

दुसरा प्रकार, संसदेच्या कायद्यानं जन्माला आलेल्या. वाघांसाठीचं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण वन्यजीव कायद्यात २००६ साली दुरुस्ती करून झालं. हरित न्यायाधिकरण २०१० च्या कायद्यानं झालं. यांचे अधिकार कायद्यात कलमवार लिहिलेले असतात. तेवढेच.

तिसरा प्रकार, नुसत्या सरकारी ठरावानं किंवा परिपत्रकानं जन्माला आलेल्या. एवढा मोठा योजना आयोग होता, पण त्याच्यामागं कायदा नव्हता. १५ मार्च १९५० चा मंत्रिमंडळाचा एक ठराव, बस. आणि आपल्या गावातली संयुक्त वन व्यवस्थापन समिती? तीही याच जातीची. दिल्लीच्या पर्यावरण व वन मंत्रालयानं १ जून १९९० ला राज्यांना एक परिपत्रक पाठवलं, त्याच्यातून ती आली.

आता ग्रामसभेचा दाखला काढा. ग्रामसभा संविधानाच्या २४३ व्या कलमात आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. म्हणजे ग्रामसभेची आई संविधान, आणि वन समितीची आई एक परिपत्रक. पण गावात काय दिसतं? वन समितीचं बँकेत खातं आहे, पैसा येतो, सचिव बहुतेक ठिकाणी वनखात्याचाच माणूस आहे. आणि ग्रामसभेच्या वनहक्क समितीला रजिस्टर घ्यायला वर्गणी काढावी लागते. ज्याचा दाखला मोठा तो उपाशी, आणि ज्याचा दाखला एका पानाचा तो पाटील. हे उलटं झालेलं आपण सुलटं करायचं आहे.

सरकारची शिडी

सरकारच्या शब्दांनासुद्धा पायऱ्या आहेत. सगळ्यात वर संविधान. त्याच्याखाली संसदेचा किंवा विधानसभेचा कायदा. त्याच्याखाली कायद्याचे नियम, जे सरकार करतं, पण कायद्यानं तशी परवानगी दिली असेल तरच. वनहक्क कायद्याचं कलम १४ सांगतं की नियम केले तर ते संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढं ठेवावे लागतात. नियमांच्या खाली शासन निर्णय आणि परिपत्रक. त्याच्याखाली एखाद्या अधिकाऱ्याचं पत्र. आणि सगळ्यात खाली, जमिनीला टेकलेली पायरी, साहेबाचा तोंडी हुकूम.

खालच्या पायरीला वरची पायरी मोडता येत नाही. कायद्यानं जिथं जागा रिकामी ठेवली तिथं परिपत्रक ती भरू शकतं. पण कायद्यात जे लिहिलंय ते परिपत्रकाला पुसता येत नाही. कोर्टांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, यात नवं काही नाही.

आपल्या पाड्यावर मात्र शिडी उलटी उभी केलेली असते. तोंडी हुकूम सगळ्यात वर. गार्डच्या शब्दापुढं कायदा गप्प. आणि आपणही म्हणतो, "साहेब बोलला म्हणजे कायदाच आसंल." नाय. साहेब बोलला म्हणजे साहेब बोलला. संविधानाच्या ७७ व्या कलमानं केंद्र सरकारचं सगळं काम राष्ट्रपतींच्या नावानं चालतं, १६६ व्या कलमानं राज्याचं राज्यपालांच्या नावानं. म्हणून तर मुंबईहून निघालेल्या शासन निर्णयाच्या शेवटी लिहिलेलं असतं, "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने." ज्या कागदावर ना नंबर, ना तारीख, ना सही, ना कुणाचं नाव, तो सरकारचा शब्द कसा धरायचा?

आणखी एक गोष्ट. संविधानाच्या १३ व्या कलमात 'कायदा' या शब्दाचा अर्थ दिलाय. त्यात नियम आणि अधिसूचना तर आहेतच, पण कायद्याचं बळ असलेली रूढी आणि परंपराही आहे. आपले म्हातारे ज्याला रीत म्हणतात तिला संविधानात दार उघडं आहे. गार्डच्या तोंडी हुकमाला तिथं जागा नाही.

एका पत्रानं केलेला विध्वंस

शिडी उलटी झाली की काय होतं ते २००२ साली आपण पाहिलंय. तेव्हा मी शाळेत होते, पण मोठ्या माणसांना सगळं आठवतं.

३ मे २००२. दिल्लीतून इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स यांचं एक पत्र सगळ्या राज्यांना गेलं. देशात सुमारे १२.५० लाख हेक्टर वनजमिनीवर अतिक्रमण आहे, नियमित होण्यास पात्र नसलेली सगळी अतिक्रमणं ३० सप्टेंबर २००२ पर्यंत काढून टाका, असं त्यात होतं. सर्वोच्च न्यायालयाचा हवाला दिला. पण न्यायालयानं २३ नोव्हेंबर २००१ ला काय म्हटलं होतं? आमच्या परवानगीशिवाय केंद्रानं अतिक्रमणं नियमित करू नयेत, एवढंच. सगळ्यांना हाकला असं म्हटलं नव्हतं. पत्र लिहिणाऱ्यांनी आपल्या सोयीचा अर्थ काढला.

त्याच मंत्रालयाची १८ सप्टेंबर १९९० ची परिपत्रकं कपाटात पडून होती. आदिवासींचे जमिनीचे वाद तपासा, जुन्या पट्ट्यांचा निकाल लावा, वनगावं महसुली गावं करा, असं त्यात लिहिलं होतं. बारा वर्षं ती कुणी हलवली नाहीत. आणि हाकलण्याचं पत्र मात्र पाच महिन्यांत पाड्यापर्यंत पोचलं. उभी पिकं तुडवली, झोपड्या मोडल्या. आसामात तर घरं पाडायला हत्ती आणले. पुढं देशभर आरडाओरडा झाल्यावर ३० ऑक्टोबर २००२ ला त्याच मंत्रालयाला खुलासा करावा लागला की १९९० ची परिपत्रकं अजून लागू आहेत. पण मोडलेली झोपडी खुलाशानं उभी राहत नाही.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक म्हणजे, त्या पत्रामागं संसद नव्हती, नवा कायदा नव्हता, होती एका पदाची सही. आणि दुसरी, खातं स्वतःला हवा तो कागद पळवतं आणि नको तो निजवतं. कुठला कागद पळणार आणि कुठला निजणार, हे फक्त त्यांनी ठरवायचं का?

एका ओळीची लढाई

पुढची गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे. ती पाड्यापाड्यावर सांगायला पाहिजे.

केंद्र सरकारमध्ये कुठलं काम कुठल्या मंत्रालयाचं हे ठरवणारी एक वही आहे. संविधानाच्या ७७ व्या कलमाखाली १९६१ साली ती केली. तिला 'कामकाज वाटप नियम' म्हणतात. प्रत्येक मंत्रालयाच्या नावाखाली त्याच्या कामाची यादी आहे. ज्याच्या यादीत काम, त्याची सत्ता.

जंगल हे पूर्वी राज्यांचं काम होतं. १९७६ साली ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि जंगल समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचं. १९८० साली वन संवर्धन कायदा आला, आणि वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची आधी परवानगी लागायला लागली. १९८५ साली पर्यावरण व वन मंत्रालय झालं. तेव्हापासून झाडही त्यांचं, जमीनही त्यांची, आणि त्या जमिनीवरचा माणूसही त्यांचाच, अतिक्रमणदार म्हणून. आदिवासींसाठी वेगळं मंत्रालय १९९९ साली झालं, पण जंगलातल्या माणसाच्या हक्काचं काम त्याच्या यादीत नव्हतं.

२००२ च्या विध्वंसानंतर देशभरच्या संघटना एकत्र आल्या. दिल्लीत धरणी धरली, जनसुनावण्या केल्या. २००५ च्या सुरुवातीला पंतप्रधान कार्यालयानं ठरवलं की हक्कांच्या कायद्याचा मसुदा आदिवासी मंत्रालय करेल, वन मंत्रालय नाही. आणि मार्च २००६ मध्ये त्या वहीत एक ओळ वाढली : वनजमिनीवरच्या वननिवासी अनुसूचित जमातींच्या हक्कांसंबंधीचे सर्व विषय, कायदा करण्यासह, हे आदिवासी कार्य मंत्रालयाचं काम. त्यानंतर डिसेंबर २००६ मध्ये दोन्ही सभागृहांत वनहक्क कायदा झाला. त्याच्या सुरुवातीलाच संसदेनं कबूल केलंय की आपल्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. कलम ११ मध्ये लिहिलंय की अंमलबजावणीची जबाबदारी आदिवासी कार्य मंत्रालयाची.

ही एक ओळ फुकट मिळाली नाही. तिच्यामागं मोडलेली घरं आहेत, लाठ्या खाल्लेली माणसं आहेत. ती ओळ सांगते की आपल्या हक्काचा निवाडा त्या खात्याच्या हातात नको, ज्याचं आपल्याशी भांडण आहे. ज्याच्याशी बांधाचा वाद, त्यालाच पंच कोण करतं? सरकारनंसुद्धा २००६ साली हे मान्य केलं. आता वनखातं हक्काच्या प्रश्नावर पत्रं काढायला लागलं, की ते दुसऱ्याच्या शेतात नांगर घालतंय हे आपण ओळखलं पाहिजे.

सहा खुर्च्या

आता आपल्या तालुक्यात आणि जिल्ह्यात या. दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समितीत, मग जिल्हास्तरीय समितीत. मूळ वनहक्क कायद्यात शेवटचा निर्णय जिल्हास्तरीय समितीचा. ही समिती म्हणजे कोण? नियम ७ वाचा. कलेक्टर अध्यक्ष, एक वन अधिकारी, एक आदिवासी विकासचा अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे तीन सदस्य. खुर्च्या सहा. लोकांनी निवडून दिलेल्या तीन, त्यातल्या किमान दोन आदिवासींच्या आणि किमान एक बाईची. वनखात्याची खुर्ची एक. तालुक्याला प्रांत अध्यक्ष, बाकी रचना तशीच.

सहांत एक! पण दावा नाकारला की सगळे म्हणतात, "फॉरेस्टनं नाय म्हटलं." फॉरेस्ट कोण नाय म्हणणार? नाय म्हणायचा हक्क समितीचा आहे, कारण लिहून. बाकीच्या पाच खुर्च्या काय करत होत्या? आपण निवडून दिलेले तीन सदस्य बैठकीला गेले होते का? का घरी बसून रजिस्टरवर सही केली? हा सवाल खात्याला नाही, आपल्याच माणसांना आहे. मत मागायला येतील तेव्हा विचारायचा.

२०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली, नियम १२ क आला. तो सोन्यासारखा आहे. पाहणीच्या वेळी वनखात्याच्या आणि महसूलच्या माणसानं हजर राहून सही करायची, हुद्दा आणि तारीख घालून. तो आला नाही आणि नंतर हरकत घेतली, तर दावा पुन्हा पाहणीसाठी ग्रामसभेकडं येतो. दुसऱ्यांदाही आला नाही, तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. वरच्या समितीनं थेट नाकारायचं नाही, कारण लिहून ग्रामसभेकडं फेरविचारासाठी पाठवायचं. नाकारलाच तर दावेदाराला स्वतःला कळवायचं, म्हणजे त्याला ६० दिवसांत अपील करता येईल. आणि उपग्रहाचा फोटो हा पुराव्याला जोड म्हणून वापरायचा, बाकीच्या पुराव्याच्या जागी नाही. आभाळातून काढलेल्या फोटोत नाचणीचा तुकडा दिसत नाही म्हणून म्हातारीचा जबाब खोटा ठरत नाही.

फेब्रुवारीचं पत्र

हे सगळं आज लिहायचं कारण ५ फेब्रुवारी २०१३ चं पत्र. पर्यावरण व वन मंत्रालयानं राज्यांना कळवलंय की रस्ते, कालवे, पाइपलाइन, विजेच्या तारा अशा लांबलचक प्रकल्पांसाठी वनजमीन द्यायची तर ग्रामसभेची संमती लागणार नाही. अपवाद फक्त आदिम जमातींचे मान्य झालेले हक्क जिथं बाधित होतील तिथला.

म्हणजे काय ते बघा. आपल्या महाराष्ट्रात आदिम जमाती तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. एकाच पाड्यात कातकऱ्याला विचारणार आणि बाजूच्या वारल्याला, ठाकराला नाही. आणि कातकऱ्यालाही कधी? त्याचा हक्क 'मान्य' झाला असेल तर. दावा पाच वर्षं यांनीच अडकवायचा, आणि मग म्हणायचं, तुमचा हक्क मान्य कुठं झालाय?

त्याच मंत्रालयानं ऑगस्ट २००९ मध्ये परिपत्रक काढलं होतं की वनहक्क कायद्याची अंमलबजावणी पुरी झाल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय वनजमिनीचा प्रस्ताव पाठवू नका. फेब्रुवारीच्या पत्रानं त्यातून सूट दिली. पण थांबा. २००९ चं परिपत्रक कशातून आलं होतं? कायद्यातून. कलम ४ (५) म्हणतं, हक्कांची तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही त्याच्या जमिनीवरून हटवायचं नाही. कलम ५ म्हणतं, जंगल, पाणी आणि आपली संस्कृती राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. परिपत्रक मागं घेतलं म्हणून ही कलमं मागं जात नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर फाडलं म्हणून पावसाळा टळत नाही.

अजून एक बघा. कलम ३ (२). आपल्याच गावासाठी शाळा, अंगणवाडी, रेशनचं दुकान, विजेची तार, रस्ता अशा १३ गोष्टींना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागली, तरी ग्रामसभेची शिफारस पाहिजे. आपल्या पोरांच्या अंगणवाडीला आपली शिफारस लागते, आणि आपल्या डोक्यावरून दुसऱ्याच्या कारखान्याला जाणाऱ्या तारेला लागत नाही? हा कुठला न्याय? कायदा तर असा नाही. असं आहे ते फक्त पत्र.

कुणी म्हणेल, मग आदिवासी मंत्रालयाची १२ जुलै २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वंही पत्रच आहेत ना? तुम्हाला सोयीचं ते पत्र चांगलं आणि गैरसोयीचं ते वाईट? नाही. जुलैच्या सूचना वनहक्क कायद्याच्या कलम १२ खाली दिल्या, जे केंद्राला सूचना द्यायचा अधिकार देतं, आणि त्या ज्याच्या यादीत हे काम आहे त्या मंत्रालयानं दिल्या. फेब्रुवारीचं पत्र ज्याच्या यादीत हक्कांचं काम नाही त्यानं काढलं, आणि कायद्यात दिलेलं कमी करायला काढलं. कागद दोन्ही सारखे दिसतात. पण एकाला आई आहे आणि दुसरा पोरका आहे.

ग्रामसभेचा शब्द किती मोठा, हे ओरिसात दिसलंय. नियमगिरीचा डोंगर बॉक्साइटसाठी खणायचा होता. डोंगरिया कोंध म्हणाले, आमचा नियमराजा तिथं राहतो. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, वनहक्क कायद्याखाली ग्रामसभांना विचारा. सरकारनं निवडली फक्त १२ गावं. बाराच्या बारा ग्रामसभांनी पोलिसांच्या गराड्यात, जिल्हा न्यायाधीशांच्या समोर सांगितलं : नाही. आणि आपल्याच राज्यात, गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला १,८०० हेक्टरच्या आसपास सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूचा वाहतूक परवाना मात्र वनखातं सोडेना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला खुद्द केंद्रीय वनमंत्र्यांना गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात द्यावं लागलं. खात्याला कायदा माहीत नव्हता असं नाही. गावाला माहीत होता, म्हणून द्यावं लागलं.

आपल्यातल्या काही जाणत्यांना

आपल्या बैठकीत काही जुने साथी म्हणतात, "कलमं पाठ करून कारकून व्हायचंय का? सरकार सगळं एकच. दिल्लीत कुठलं मंत्रालय काय करतंय त्याच्याशी आपल्याला काय? रस्त्यावर उतरा." त्यांच्या लढ्यामुळंच आज मला हे लिहिता येतंय, म्हणून आदरानं सांगते, हे अर्धंच खरं आहे. सरकार एक नाही. त्याची खाती आपसात भांडतात, आणि ती भेग कुठं आहे हे ज्याला माहीत, तोच तिथं पहार घालतो. २००६ ची ती ओळ रस्त्यावरच्या ताकदीनं आली, पण कुठली ओळ बदलायची हे कुणीतरी वाचून ठरवलं होतं ना? मोर्च्यानं दार उघडतं. कुठल्या दारावर मोर्चा न्यायचा हे वाचूनच कळतं.

दुसरे काही म्हणतात, "आदिवासी मंत्रालय आपलं आहे, तेच बघेल." हेही खरं नाही. वनखात्याचा माणूस प्रत्येक बीटवर आहे. आदिवासी मंत्रालयाचा पाड्यावर एकही नाही. राज्यात प्रकल्प कार्यालयं आहेत, पण ती आश्रमशाळांच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेली. कायद्यानं मालक केलं, पण हात दिले नाहीत. म्हणून दाव्याची पाहणी करायला, नकाशा काढायला पुन्हा वनखात्याचाच माणूस. पंचाच्या घरी कोण नाही, म्हणून भांडण असलेला शेजारीच काठी घेऊन मोजायला येतो. आपली मागणी असली पाहिजे की वनहक्काच्या कामासाठी प्रत्येक तालुक्यात वेगळा माणूस द्या, जो वनखात्याचा नसेल. तोपर्यंत त्या मंत्रालयाचे हात आपणच. ग्रामसभाच.

आता काय करायचं

येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्यानं हे ठराव घ्यावेत :

१. कुठल्याही खात्याचा माणूस हुकूम घेऊन आला, की रजिस्टर काढायचं आणि पाच सवाल लिहून घ्यायचे : नाव आणि हुद्दा काय? आदेश लेखी आहे का? नंबर-तारीख काय? कुठल्या कायद्याचं कुठलं कलम? सही कुणाची? उत्तर नाही दिलं तर "उत्तर दिले नाही" असं लिहून पाच जणांच्या सह्या, अंगठे घ्यायचे.

२. माहितीचा अधिकार कायदा, २००५, याचं कलम ४ वापरायचं. प्रत्येक कार्यालयानं आपली रचना, अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्यं, निर्णयाची पद्धत स्वतःहून जाहीर करायची असते. वन कार्यालयात जाऊन ती मागायची. नसेल तर अर्ज करायचा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला फुकट, ३० दिवसांत उत्तर.

३. नाकारलेल्या प्रत्येक दाव्याचं लेखी कारण मागायचं, आणि कोणत्या बैठकीत कोण हजर होतं त्या इतिवृत्ताची नक्कल. कारणच नसेल तर नियम १२ क दाखवून दावा परत ग्रामसभेकडं मागायचा.

४. रस्ता, तार, पाइपलाइन, कशासाठीही सरपंचाचं किंवा ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र म्हणजे ग्रामसभेची संमती नव्हे. ग्रामसभेला निम्मी माणसं पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. कोऱ्या कागदावर सही-अंगठा कुणीच द्यायचा नाही, साहेबानं चहा पाजला तरी.

५. कायदा मोडणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध कलम ७ आणि ८ आहे. ग्रामसभेच्या ठरावानं राज्यस्तरीय समितीला ६० दिवसांची नोटीस द्यायची. समितीनं काही केलं नाही तर कोर्टात जाता येतं. दंड १,००० रुपयांपर्यंतच आहे. आपल्या बायांना मोळीसाठी याच्यापेक्षा जास्त मोजावे लागतात. पण अधिकाऱ्याच्या नावावर गुन्हा लागणं, त्याला १,००० रुपयांपेक्षा जड जातं.

एका पाड्यावर गेल्या महिन्यात पहिला ठराव अमलात आणला. दोघं जण खड्डे खणायला आले होते, रोपवन करायचंय म्हणाले, दावा केलेल्या जमिनीवर. बायांनी रजिस्टर पुढं केलं आणि पाच सवाल विचारले. एक म्हणाला, "आम्हाला साहेबानं पाठवलंय." बाया म्हणाल्या, "मग साहेबाचं नाव लिव." त्यानं पेन हातात घेतला, खाली ठेवला, आणि दोघं निघून गेले. खड्डे झाले नाहीत. तिथं दगड उचलला नाही की शिवी दिली नाही. फक्त दाखला मागितला.

आपण शंभर-दीडशे वर्षं दाखले देत आलो. जमिनीचा, जातीचा, राहण्याचा, जगण्याचा. आता ते द्यायचे, आणि प्रत्येक वेळी समोरच्याचाही मागायचा.

जल-जंगल-जमीन कुणाची? जो राखतो त्याची!
ग्रामसभा जिंदाबाद!